अपील करा, पण भावजयीवर चिखल उडवून नको

वाचकाचं पत्र:

मॅडम, नमस्कार. माझ्या धाकट्या भावाला तालुक्याच्या कोर्टाने शिक्षा सुनावली, त्याला आज बारा दिवस झाले. त्याला एचआयव्ही असल्याचं २०१७ मध्ये कळलं. घरात फक्त आईला आणि मला माहीत होतं. २०१९ मध्ये त्याचं लग्न लावून दिलं, मुलीकडच्यांना काही सांगितलं नाही. आईचं म्हणणं, गोळ्या चालू आहेत, तब्येत चांगली आहे, लग्न झालं की सगळं मार्गी लागेल. दीड वर्षाने भावजयीला दिवस गेले, सरकारी दवाखान्यात तपासणी झाली आणि ती पॉझिटिव्ह निघाली. बाळाला लागण झाली नाही. ती माहेरी गेली आणि तिने फिर्याद दिली.

कोर्टाने कलम ४२० खाली दोन वर्षं सक्तमजुरी आणि दंड, कलम २७० खाली एक वर्ष अशी शिक्षा दिली आहे. अपिलासाठी तीस दिवस जामीन मिळालाय. भाऊ म्हणतो, मला अपील नको, भोगतो मी. आई म्हणते, कर्ज काढू पण सोडवू. ओळखीतले एक वकील म्हणाले, ‘तिलाच आधीपासून होतं असं मांडू, सुटेल.’ भावाचा लग्नाच्या काही महिने आधीचा व्हायरल लोडचा, म्हणजे रक्तात विषाणू किती आहे त्याचा, रिपोर्ट आमच्याकडे आहे, त्यात विषाणू आढळत नाही असं लिहिलंय. तो कोर्टात दिलाच नव्हता. आता देता येईल का? पण खरं सांगते, लग्न ठरल्यावर त्याने चारएक महिने गोळ्या बंद केल्या होत्या. पाहुणे येणार, नवी माणसं येणार, डबी कुणी बघेल म्हणून. मी प्रतिज्ञापत्र करून त्याच्या बाजूने सांगू का? आणि भावजयीला एकदा भेटावंसं वाटतं. जाऊ का?

एक बहीण, सांगली जिल्हा

उत्तर:

ताई,

पत्र हाती आलं त्याच दिवशी मुदतीबद्दल तुम्हाला फोनवर सांगितलं, कारण हे छापून येईपर्यंत थांबणं परवडणारं नव्हतं. बाकीचं इथे सविस्तर लिहिते. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत.

मुदतीचं मात्र इतर वाचकांसाठी पुन्हा सांगायला हवं. प्रथमवर्ग न्यायदंडाधिकाऱ्यांच्या निकालावर सत्र न्यायालयात अपील करायला तीस दिवस मिळतात. निकालाची सर्टिफाइड नक्कल मिळवण्यात गेलेले दिवस त्यातून वगळले जातात, पण त्या भरवशावर राहू नका. कैदेची शिक्षा झालेल्या आरोपीला निकालाची एक प्रत विनाशुल्क मिळते, ती मिळाली नसेल तर नक्कल विभागात अर्ज करा. मुदत उलटली तर विलंब माफीचा अर्ज करता येतो, पण त्यात प्रत्येक दिवसाचं कारण देत बसावं लागतं. शिवाय तुमच्या भावाचा आत्ताचा जामीन फक्त तीस दिवसांचा आहे. शिक्षा तीन वर्षांपर्यंतची असेल आणि आरोपी आधीपासून जामिनावर असेल, तर ज्या कोर्टाने शिक्षा दिली तेच कोर्ट अपिलापुरता असा जामीन देतं. तो संपला आणि सत्र न्यायालयातून शिक्षेला स्थगिती आणलेली नसली, की वॉरंट निघतं. म्हणून अपिलाबरोबरच स्थगितीचा आणि जामिनाचा अर्ज, जामीनदार आणि त्याची कागदपत्रं, सगळं एकाच दिवशी तयार लागतं. ठरावीक मुदतीची शिक्षा असेल तर अपील सुरू असताना ती स्थगित करण्याच्या अर्जाकडे उदारपणे पाहावं, असं सर्वोच्च न्यायालयाने १९९९ साली सांगितलेलं आहे. अशा शिक्षेत ही स्थगिती बहुतेकदा मिळते.

आता निकालाचं शेवटचं पान काढा. तिथे आदेश असतो, एक, दोन, तीन असे आकडे घालून. दोन्ही शिक्षा एकाच वेळी भोगायच्या आहेत असं तिथे लिहिलंय का, ते बघा. तसं लिहिलं नसेल तर कायद्याने त्या एकापाठोपाठ एक चालतात, म्हणजे दोन आणि एक मिळून तीन वर्षं. आणि अटकेनंतर तो काही दिवस कोठडीत होता का, ते पत्रात नाही. असेल तर ते दिवस शिक्षेतून वजा व्हायला हवेत आणि तसा उल्लेख आदेशात हवा. मोठमोठे मुद्दे लढवताना या दोन ओळी पाहायच्या राहून जातात, आणि माणूस विनाकारण जास्त दिवस आत राहतो.

तुमच्या प्रश्नाचं माझं उत्तर असं की अपील करावं. तुमच्या भावाने चूक केली नाही, असं मला यातून म्हणायचं नाही. त्याला माहीत होतं आणि त्याने सांगितलं नाही. एका मुलीने डोळे मिटून विश्वास ठेवला आणि त्यापायी ती जन्मभराचं दुखणं घेऊन बसली. हे अपिलाने पुसलं जाणार नाही आणि जाऊही नये. पण त्याने नेमका कोणता गुन्हा केला आणि त्याला किती शिक्षा हवी, हे वरच्या कोर्टाने एकदा तपासावं असे खरे मुद्दे या निकालात दिसतात.

पहिला मुद्दा भारतीय दंड संहितेच्या कलम ४२० चा. लोक फसवणुकीला सरसकट चारशेवीस म्हणतात, पण या कलमासाठी फसवून समोरच्याकडून मालमत्ता काढून घेतल्याचं सिद्ध व्हावं लागतं. नुसती फसवणूक, जिच्यामुळे समोरचा माणूस एरवी केली नसती अशी गोष्ट करून बसला आणि त्याचं शारीरिक वा मानसिक नुकसान झालं, ती कलम ४१७ मध्ये येते आणि तिची कमाल शिक्षा एक वर्ष आहे. ४२० ची सात वर्षं आहे. त्यामुळे फिर्यादीत, दोषारोपात आणि साक्षीत दागिने, हुंडा, पैसे यांबद्दल काय आलंय ते वकिलाने ओळन् ओळ वाचायला हवं. तुमच्या घरी काही देणंघेणं झालं असेल आणि ते साक्षीत आलं असेल, तर हा मुद्दा टिकणार नाही, आणि वकिलाने तसं तोंडावर सांगायला हवं. साक्षीत फक्त आजार लपवल्याचंच असेल, तर दोन वर्षांची शिक्षा चुकीच्या कलमाखाली झाली असं म्हणायला भक्कम आधार आहे.

दुसरा मुद्दा २७० चा. जिवाला धोकादायक रोगाचा संसर्ग पसरण्याचा संभव आहे अशी कृती निष्काळजीपणाने केली तर कलम २६९, कमाल सहा महिने. तीच द्वेषबुद्धीने, समोरच्याचं वाईट व्हावं अशा वृत्तीने केली तर २७०, कमाल दोन वर्षं. १ जुलै २०२४ पासून भारतीय न्याय संहितेत हीच कलमं २७१ आणि २७२ झाली, शिक्षा तेवढीच. भावाचं प्रकरण त्याआधीचं असल्याने जुनीच कलमं लागू राहतात. आता तुमच्या भावाने लपवलं ते कशापायी? पत्रावरून दिसतं ते लाज, भीती आणि आईचा आग्रह. बायकोला आजार व्हावा अशी इच्छा कुठे दिसत नाही. कोर्टासमोर आलेल्या पुराव्यातही ती नसेल तर हे प्रकरण २६९ चं आहे, असा युक्तिवाद प्रामाणिकपणे करता येतो. सरकारी वकील म्हणतील की माहीत असून दीड वर्ष गप्प राहणं ही साधी निष्काळजी नव्हे. त्या म्हणण्यातही दम आहे. निर्णय न्यायाधीश करतील, पण हा वाद मांडण्यासारखा नक्की आहे.

तिसरा मुद्दा शिक्षेचा. पहिलाच गुन्हा, वय, बाळाची जबाबदारी, उपचार चालू असणं. परिवीक्षा अधिनियम, १९५८ खाली चांगल्या वर्तनाच्या बंधपत्रावर सोडण्याचा अधिकार अपिलाच्या कोर्टालाही आहे. अशा प्रकरणात तो वापरला जाईल याची हमी मी देणार नाही. आणि एक भीती मनातून काढून टाका. आरोपीने स्वतः केलेल्या अपिलात त्याची शिक्षा वाढवता येत नाही. सरकारने शिक्षा कमी आहे म्हणून वेगळं अपील केलं तरच तो प्रश्न येतो.

आता त्या ओळखीच्या वकिलांच्या सल्ल्याकडे येते. ‘तिलाच आधीपासून होतं.’ हे वाक्य मी या प्रकारच्या प्रकरणांत इतक्या वेळा ऐकलं आहे की कागद हातात घेण्याआधीच मला त्याची वाट माहीत असते. ताई, कायद्याच्या बाजूनेच बघा. कलम २६९ आणि २७० ला संसर्ग झाल्याचं सिद्ध व्हावं लागत नाही. संसर्ग पसरण्याचा संभव असलेली कृती केली आणि ते माहीत होतं, एवढं पुरतं. ४१७ ला आणि ४२० ला तर फसवणूक झाली की नाही एवढाच प्रश्न असतो. म्हणजे भावजयीला कुणाकडून लागण झाली याबद्दल तुम्ही कितीही धुरळा उडवला, तरी तुमचा भाऊ त्यातून निर्दोष सुटत नाही. तिची लग्नाआधीची एखादी निगेटिव्ह तपासणी रेकॉर्डवर असेल तर उलट न्यायाधीशांच्या मनातून तो कायमचा उतरेल, आणि शिक्षेत दया मागायला तोंड राहणार नाही.

तशी तपासणी रेकॉर्डवर नसेल, तर सरकार पक्षाने लागण कुणाकडून कुणाला झाली हे शास्त्रीय पुराव्याने सिद्ध केलेलं नाही, एवढं कोरड्या शब्दांत म्हणता येतं. ते खरंही असतं. दोघांच्या विषाणूंची जनुकीय तुलना केली तरी, एकाकडून दुसऱ्याला गेला हे त्यावरून निर्विवाद ठरवता येत नाही. शिक्षा किती असावी या प्रश्नावर या मुद्द्याला थोडं वजन आहे. पण ‘लागण कुणाकडून झाली ते सिद्ध नाही’ म्हणणं वेगळं आणि ‘ती तसली होती’ म्हणणं वेगळं. दुसरं वाक्य अपिलाच्या अर्जात घालणाऱ्या वकिलाकडे वकीलपत्र देऊ नका. तिने आधीच पोलीस ठाण्यात, कोर्टात, माहेरच्या गावात पुष्कळ सोसलंय.

आता तुमच्या पत्रातला सगळ्यात कठीण भाग. तो रिपोर्ट.

विषाणू आढळत नाही, याचा अर्थ आज शास्त्राला पक्का ठाऊक आहे. रोज गोळी घेऊन रक्तातला विषाणू न आढळण्याइतका दबला असेल तर शरीरसंबंधातून जोडीदाराला लागण होत नाही. हे दाखवणाऱ्या मोठ्या अभ्यासांपैकी एकात नऊ देशांतली १,७६३ जोडपी होती, आणि त्यांतली काही पुण्याची होती. त्याचे पहिले निष्कर्ष २०११ मध्ये आले, तेव्हा लवकर उपचार सुरू केलेल्यांकडून जोडीदाराला होणारी लागण ९६ टक्क्यांनी घटलेली दिसली. पुढे ‘पार्टनर’ नावाच्या युरोपातल्या अभ्यासात विषाणू दबलेल्या व्यक्तीकडून जोडीदाराला लागण झाल्याचं एकही उदाहरण सापडलं नाही. न्यायालयांनीही हे मनावर घेतलं आहे. अमेरिकेत आयोवा राज्यात एका माणसाला जोडीदाराला न सांगता संबंध ठेवल्याबद्दल पंचवीस वर्षांची शिक्षा झाली होती. त्याचा विषाणू दबलेला होता, त्याने निरोध वापरला होता आणि लागण झालीच नव्हती. तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने २०१४ मध्ये ती दोषसिद्धी रद्द केली. आपल्याकडे दिल्ली उच्च न्यायालयाने नोव्हेंबर २०२० मध्ये, एचआयव्ही असताना संबंध ठेवले एवढ्यावरून खुनाच्या प्रयत्नाचं कलम लागत नाही असं ठरवलं, आणि त्याच आरोपीची बलात्काराची दोषसिद्धी मात्र कायम ठेवली. एकेक आरोप सुटा करून तपासायचा, तो असा.

मग तुमच्या भावाचा रिपोर्ट का नको? कारण त्यानंतर त्याने गोळ्या बंद केल्या. गोळ्या थांबल्या की काही आठवड्यांत विषाणू पुन्हा वाढतो. लग्नाच्या वेळी त्याच्या रक्तात काय होतं, हे तो जुना कागद सांगत नाही. उलट तो कागद दाखवून ‘त्याच्यापासून धोकाच नव्हता’ असं म्हणणं म्हणजे अर्धं सत्य कोर्टापुढे ठेवणं. आणि ते लपणारही नाही. एआरटी केंद्रात, म्हणजे एचआयव्हीच्या गोळ्या मिळतात तिथे, दर महिन्याला गोळ्या नेल्याची नोंद असते. कुणी किती गोळ्या नेल्या, कोणत्या महिन्यात आला नाही, हे त्याच्या पुस्तकात आणि केंद्राच्या रजिस्टरात असतं. सरकारी वकिलाने ते मागवलं की ते चार रिकामे महिने समोर येतील, आणि तेव्हा २७० ऐवजी २६९ म्हणायला निघालेल्या वकिलाच्या पायाखालची जमीन सरकेल.

अपिलात नवा पुरावा घेण्याचा अधिकार कोर्टाला आहे, पण खालच्या कोर्टात राहून गेलेली फट भरायला तो सहसा वापरला जात नाही. त्यामुळे रिपोर्ट दाखल होईलच असंही नाही. पण तुम्ही वकिलाला मात्र हे सगळं सांगा, गोळ्या बंद केल्याचंही. अशिलाने विश्वासाने सांगितलेलं वकिलाला बाहेर उघड करता येत नाही. स्वतःविरुद्ध साक्ष द्यायला कोणी तुमच्या भावाला भाग पाडू शकत नाही, ते संविधानाने त्याला दिलेलं संरक्षण आहे. ते वापरण्यात काहीच गैर नाही. पण शपथेवर खोटं सांगणं ही दुसरीच गोष्ट आहे, तिथे वकिलाने आणि तुम्ही दोघांनी थांबायचं.

हाच धागा तुमच्या प्रतिज्ञापत्राचा. करू नका, निदान आत्ता तरी नाही. ‘औषधं नियमित चालू होती’ असं लिहाल तर ते खोटं ठरेल. आणि खरं लिहाल, तर लग्नाआधी आईला आणि तुम्हाला माहीत होतं हे तुम्ही स्वतःच्या सहीने रेकॉर्डवर आणाल. फिर्याद आज फक्त भावाविरुद्ध आहे. तुम्हा दोघींनी कशावरही सही करण्याआधी, भावाचा नव्हे, स्वतःचा वेगळा वकील गाठून एकदा बोला. भावाच्या वकिलाचं काम भावाचं हित पाहणं हे आहे, तुमचं नाही.

आता खालच्या कोर्टाच्या रेकॉर्डमध्ये वकिलाने काय शोधावं, ते सांगते. सत्र न्यायालय मूळ रेकॉर्ड मागवतं, त्यात प्रत्येक कागदावर निशाणी क्रमांक असतो. भावाला २०१७ मध्ये कळलं, हे कशावरून सिद्ध झालं? बहुतेक तपासणी केंद्राच्या रजिस्टरवरून. त्या नोंदीत तारीख, कोड क्रमांक, समुपदेशन केल्याचा रकाना आणि सही असते. तो कागद कोर्टात कुणी आणला? समुपदेशकाची साक्ष झाली का, उलटतपासणी झाली का, की पोलिसांनी झेरॉक्स जोडली आणि तिलाच निशाणी पडली? एचआयव्ही आणि एड्स प्रतिबंध व नियंत्रण अधिनियम, २०१७ प्रमाणे कुणाची ही माहिती उघड करायला न्यायालयाचा आदेश लागतो, आणि तोही न्यायाच्या हितासाठी गरज असेल तरच. तसा आदेश होता का? एवढ्यावरून पुरावा बाद होईल असं समजू नका, आपल्याकडे पुरावा चुकीच्या मार्गाने मिळाला म्हणून आपोआप रद्द होत नाही. पण मुद्दा नोंदवायचा. आणि शेवटी आरोपीचा जबाब वाचा, तो प्रश्नोत्तर स्वरूपात असतो. ज्या ज्या गोष्टीवरून कोर्टाने त्याला दोषी धरलं ती प्रत्येक गोष्ट त्याला प्रश्न म्हणून विचारायला हवी होती. रजिस्टरच्या नोंदीबद्दल एकही प्रश्न नसेल, तर तो मोठा मुद्दा आहे.

त्याच कायद्याचं कलम १० तुमच्या भावाच्या विरुद्ध जातं, हेही सांगते, नाहीतर सत्र न्यायालयात ऐकून धक्का बसेल. हा कायदा १० सप्टेंबर २०१८ पासून लागू आहे, म्हणजे लग्नाच्या आधीपासून. आजाराची जाणीव असलेल्या माणसाने दुसऱ्याला लागण होऊ नये म्हणून वाजवी काळजी घ्यायची, त्यात धोका कमी करण्याचे उपाय किंवा आधी सांगणं, दोन्ही येतं. तुमच्या भावाने यातलं काही केलं नाही. या कलमाला स्वतंत्र शिक्षा नाही, पण त्याचा आधार घेऊन सरकारी वकील बोलतील. एचआयव्ही असलेल्यांना लग्नाचा हक्कच नाही, असं कुणी सर्वोच्च न्यायालयाच्या १९९८ च्या निकालावरून म्हणालं, तर २००२ मध्ये त्याच न्यायालयाने ती निरीक्षणं अनावश्यक ठरवली आहेत, हे तुमच्या वकिलाला ठाऊक असावं. लग्न करता येतं. जोडीदाराला सगळं माहीत असून त्याने होकार दिलेला हवा.

नावाबद्दल. ई-कोर्ट्स या न्यायालयांच्या संकेतस्थळावर प्रकरणाचा क्रमांक टाकला की आदेश मोबाइलवर उघडतात, आणि गावात असा क्रमांक फिरायला वेळ लागत नाही. २०१७ च्या कायद्यातल्या कलम ३४ खाली नावाऐवजी दुसरं नाव वापरावं, सुनावणी बंद दाराआड व्हावी, ओळख छापू नये असा अर्ज करता येतो, आणि अशी प्रकरणं प्राधान्याने चालवावीत असंही तिथे म्हटलं आहे. पहिल्याच दिवशी हा अर्ज द्या आणि तो दोघांसाठी मागा, भावासाठी आणि भावजयीसाठीही. बाळ मोठं होणार आहे, शाळेत जाणार आहे.

खर्चाचं. कर्ज काढण्याआधी जिल्हा न्यायालयाच्या आवारातलं जिल्हा विधी सेवा प्राधिकरणाचं कार्यालय गाठा. कोठडीत असलेल्यांना आणि उत्पन्नाच्या मर्यादेत बसणाऱ्यांना तिथून मोफत वकील मिळतो, १५१०० या क्रमांकावर फोन करूनही विचारता येतं. सत्र न्यायालयात निकाल विरुद्ध गेला तर पुढे दुसरं अपील नसतं, उच्च न्यायालयात पुनरीक्षण अर्ज असतो. सांगलीकरांना त्यासाठी आता मुंबई गाठायला नको, १८ ऑगस्ट २०२५ पासून कोल्हापूरला उच्च न्यायालयाचं सर्किट बेंच सुरू झालं आहे.

भाऊ नको म्हणतोय, त्याबद्दल. अपील त्याचं आहे, त्याच्या सहीशिवाय होत नाही, आणि आईने रडून सही घेतली तर तो पुढे प्रत्येक तारखेला मनाविरुद्ध उभा राहील. त्याच्याशी एकट्याने बोला. त्याच्या ‘भोगतो मी’ मध्ये पश्चात्ताप असेल तर त्याचा मान ठेवा, पण त्याला हेही सांगा की चुकीच्या कलमाची शिक्षा भोगल्याने भावजयीला काही मिळत नाही. शिक्षेऐवजी वा शिक्षेबरोबर नुकसानभरपाई देण्याचा आदेश अपिलाचं कोर्टही करू शकतं. तुमच्या घरात कर्ज काढण्याची तयारी असेल, तर त्यातली रक्कम तिला आणि बाळाला देण्याची तयारी वकिलामार्फत कोर्टापुढे ठेवा. पण त्याच्या बोलण्यात जगण्यावरच रुसलेला सूर असेल, तर वकिलाच्या आधी त्याला एआरटी केंद्रातल्या समुपदेशकाकडे न्या. आणि गोळ्या एक दिवसही चुकू देऊ नका. उद्या आत जावंच लागलं तर उपचाराचं पुस्तक बरोबर असू दे आणि पहिल्याच दिवशी तुरुंगाच्या डॉक्टरांना दाखवायला सांगा.

आणि तुमचा शेवटचा प्रश्न, भावजयीला भेटू का. आत्ता नाही. अपील चालू असताना आरोपीच्या घरचं माणूस फिर्यादीच्या दारात गेलं, तर तुमचं मन कितीही साफ असलं तरी तो दबाव ठरतो, आणि त्यावरून जामीन रद्द करण्याचा अर्ज येऊ शकतो. चार मानाची माणसं घेऊन तिच्या माहेरी बैठक बसवायची कल्पना कुणी काढली तर तीही मोडून काढा. ४२० मध्ये कोर्टाच्या परवानगीने तडजोड होऊ शकते, २७० मध्ये ती सोय नाही, आणि असल्या बैठकीत तिला ‘झालं ते झालं’ ऐकवण्यापलीकडे काही घडत नाही. तुम्हाला जे म्हणायचंय ते मला पत्रावरून कळतं. तुम्हाला माहीत होतं आणि तुम्ही बोलला नाहीत, ते तुम्हाला तिला सांगायचंय. प्रकरण संपल्यावर, तिच्या वकिलामार्फत एकदा विचारा, तिची ऐकायची इच्छा आहे का. ती नाही म्हणाली तर पुन्हा विचारू नका.